दोन बोटं माया

अकरा वर्षांपूर्वी माझा घसा बिघडला होता, हे आमच्या रस्त्यावर सगळ्यांना माहीत आहे. सात महिने आवाज बसला होता आणि डॉक्टरांनी बोलायला मनाई केली होती, हेही माहीत आहे. त्यातलं काहीच खरं नाही. माझा घसा तेव्हाही खणखणीत होता, आताही आहे. हवं तर आमच्या लिफ्टवाल्याला विचारा. लिफ्टवाला म्हणजे माझा मुलगा. लोकांच्या बंद पडलेल्या लिफ्ट चालू करतो आणि घरी आला की स्वतः बंद पडतो.

दुकान आमचं शिवणकामाचं. कोट, शर्ट, शाळेचे युनिफॉर्म, आणि निम्मं काम अल्टरेशनचं, कारण कपडे शिवून झाले तरी माणसं वाढायची थांबत नाहीत. मास्तर, म्हणजे माझे यजमान, कटिंग करायचे, मी शिवायची. शाळेत मी चौथीपर्यंत गेले. पाचवीला आईने पाटीऐवजी मशीन समोर ठेवली आणि माझं शिक्षण तिथंच पक्कं झालं. वाचता येतं. सावकाश, ओठ हलवत, पण येतं. आणि एकदा वाचलेलं मी विसरत नाही, हे कुठल्या पदवीवाल्याला जमलंय ते मला दाखवा.

एका सकाळी मास्तरांनी समोरच्या इमारतीतल्या नर्सबाईंच्या कोटाची कॉलर कापली, खडू कानावर ठेवला, "जरा टेकतो गं," म्हणाले आणि टेकले ते उठलेच नाहीत. मी रडले नाही. बोललेही नाही. न बोलायचं असं ठरवलं नव्हतं. तोंड उघडलं की आत शब्दच नसायचे. रीळ संपल्यावर मशीन नुसती कापडाला भोकं पाडत जाते ना, तसं. हात चालायचे, काम उरकायची. ती कॉलर तेवढी खणात ठेवून दिली. गिऱ्हाइकं विचारायला लागली तेव्हा मुलगा गडबडला आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "आईचा घसा बसलाय." एकदा सांगितलं ते सांगितलं. त्या दिवसापासून नर्सबाई दर महिन्याला घशाच्या गोळ्यांची डबी आणतात. अकरा वर्षं झाली, एक महिना चुकला नाही.

सून तेव्हा घरात येऊन तीन महिने झाले होते. माहेरी तिने कधी सुईत दोरा ओवला नव्हता. ती माझ्यासमोर स्टूल ओढून बसायची आणि बटणं लावायची, आणि रोज चुकवायची. कोटाला पुढे दोन पट्ट्या असतात. एका पट्टीवर बटणं, दुसऱ्या पट्टीवर काजं. ही बया काजपट्टीवर बटणं लावून ठेवायची. मी गपचूप उसवायची, गपचूप परत लावायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सातव्या महिन्यात एका दुपारी बघते तर काजपट्टीवर एका ओळीत सहा बटणं, अगदी मापात, मजबूत दोऱ्याने. आणि माझ्या तोंडून निघालं, "अगं, डोळे आहेत की तीही बटणंच?"

ती रडायलाच लागली. मला वाटलं, शब्द लागला पोरीला. त्या आठवड्यात मी नर्सबाईंची कॉलर शिवली, आणि तेव्हापासून आजवर बोलतेच आहे.

ही बटणांची गोष्ट मी तिला अकरा वर्षांत किती वेळा ऐकवली असेल! पाहुण्यांसमोर, गिऱ्हाइकांसमोर, तिच्या आईसमोर. "तुमच्या लेकीला सात महिने लागले बटणाची बाजू कळायला." ती हसायची. मूर्ख आहे, पण स्वभावाने गरीब, असं माझं मत पक्कं झालं होतं.

या मुलीने दुकान सांभाळत कॉलेज केलं. मानसशास्त्र. एम. ए. झाली, मग हॉस्पिटलात अर्ध्या दिवसाचं काम धरलं. तिथे एक मोठ्या बाई आहेत, तिच्या गाइड, त्यांच्या हाताखाली. घरातलं माणूस गेल्यावर मागे राहिलेले लोक कधी बोलायचे थांबतात, परत कधी बोलतात, ते विचारून कागद भरायचे. आणि आता तिला पुढे डॉक्टरेटला जायचं होतं. डॉक्टर व्हायचं, पण कुणाला सुई टोचायची नाही, असली ही डॉक्टरकी.

त्याच्यातही दोन जाती. एक क्लिनिकल, एक काउन्सेलिंग. मी विचारलं, फरक काय? तिने अर्धा तास समजावलं. मी म्हटलं, "म्हणजे एकात फाटलेलं शिवायचं, दुसऱ्यात टोचतंय ते अल्टर करायचं."

ती बघतच राहिली. "आई, हे पुस्तकात लिहिलं असतं तर माझा एक महिना वाचला असता. पण इतकं सरळ नाही हं. पुष्कळदा दोन्हीकडे दोन्ही कामं करतात."

"मग आमच्याच दुकानासारखं झालं की."

मागच्या वर्षी तिने चौदा ठिकाणी अर्ज केले. चौदाच्या चौदा नकार. एका ठिकाणी तर पाच जागांना तीनशेवर अर्ज. ते नकाराचं पत्र तिने मला वाचून दाखवलं, "आपली पात्रता चांगली असली तरी आमच्या विभागाशी आपले जुळत नाही."

"जुळत नाही म्हणजे?"

"फिट नाही, आई. त्यांचा शब्दच आहे तो. ज्या प्रोफेसरांच्या हाताखाली काम करायचं, त्यांच्या कामाशी आपलं काम फिट बसावं लागतं."

"मग माप घेतलं होतंस का?"

"म्हणजे?"

"त्या प्रोफेसराचं. तो काय करतो, कुठे घट्ट, कुठे सैल."

तिने कबूल केलं की चौदा ठिकाणी एकच निबंध पाठवला होता. अर्जाला एक निबंध जोडावा लागतो, मला हे का शिकायचंय, म्हणून. नुसतं वरचं नाव बदललं.

"चौदा गिऱ्हाइकांना एकाच मापाचा कोट शिवलास? आणि वर रडतेस, बसला नाही म्हणून?"

या वर्षी तिने सहाच ठिकाणं धरली. प्रत्येक प्रोफेसरांचं लिखाण वाचलं, वहीत टिपलं. शिफारसपत्रं तीन लागतात, ती आधीच सांगून ठेवली. आणि एका संध्याकाळी नवऱ्याला म्हणाली, मला ऐकू गेलं, "या खेपेला नाही झालं तर परत करणार नाही. हॉस्पिटलचं कामही उन्हाळ्यात संपतंय. आईंच्या समोर बसून बटणं लावीन."

हे ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. घरचं माणूस घरात. पण झाला नाही. या मुलीच्या डोक्यात जे आहे ते बटणांत मावणारं नव्हतं, एवढं मलाही कळत होतं. आणि तिच्या हातची बटणं तुम्हाला माहीतच आहेत.

आता खरी गोष्ट.

दुकानात एक खोकं आहे, रद्दी कागदाचं. नमुने कापायला लागतात. कॉलर, खिसा, कफ, सगळं आधी कागदावर कापायचं, मग कापडाला कात्री लावायची. एका दुपारी मी खोक्यातला वरचा कागद घेतला, छापलेला, मध्ये लाल पेनाच्या रेघोट्या. घडी घातली, कॉलर आखली, कापली, उलगडली. खडू घ्यायला हात पुढे केला, तर कॉलरच्या डाव्या टोकावर लिहिलेलं, "सासूबाई".

मी चष्मा लावला. अक्षर अक्षर लावत वाचलं. कॉलर वळत जाते तसं वाक्यही वळत गेलं. "सासूबाई सात महिने बोलल्या नाहीत. सर्वांना घसा बिघडल्याचे सांगितले गेले. मी रोज त्यांच्यासमोर बसून मुद्दाम चुकीच्या पट्टीवर बटणे लावत असे. त्या रागावतील, या आशेने..." पुढचं कापलं गेलं होतं. खाली कात्रणांत हात घालून शोधलं. सापडलं. "...कारण रागावण्यासाठी तरी बोलावे लागते."

मुद्दाम.

मी ती कॉलर हातात घेऊन बसले. आधी तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या घरातली झाकली मूठ या बाईने सहा शहरांतल्या परक्या लोकांना उघडून दाखवायचं ठरवलं होतं! आणि त्याच्याखाली आणखी एक राग होता, तो जास्त बोचत होता. अकरा वर्षं मी जिला बावळट म्हणत आले, तिने मला सात महिने बाहुलीसारखं नाचवलं होतं आणि वर माझ्या शिव्या खाल्ल्या होत्या, तोंडातून ब्र न काढता.

ती हॉस्पिटलातून आली. मी कॉलर टेबलावर ठेवली.

तिचा चेहरा कोऱ्या कापडासारखा झाला. "आई, तो जुना कागद आहे. ते काढून टाकलंय मी. गाइडबाई म्हणाल्या, हे तुझं कारण आहे, तुझं काम नाही. निवड करणाऱ्यांना घरातलं दुःख पानभर वाचायचं नसतं. तुला अभ्यास काय करायचाय ते त्यांना हवं असतं."

"म्हणजे त्या म्हणाल्या म्हणून काढलंस. मला विचारावं असं नाही वाटलं?"

"वाटायला हवं होतं." ती खाली बघत म्हणाली. "आमच्या कामात पहिला नियमच तो. ज्याची गोष्ट, त्याची परवानगी. हॉस्पिटलात मी प्रत्येकाची सही घेते. घरात मात्र..."

"घरात बिनसहीचं माणूस आहे ना एक." मी उठले. "आणि बटणं? मुद्दाम?"

"हो."

"अकरा वर्षं ऐकून घेतलंस माझं!"

"तुमचा आवाज ऐकून बरं वाटायचं, आई."

मी मशीन सुरू केली. दोन दिवस बोलले नाही. साधा राग, दुसरं काही नाही. पण आमच्या लिफ्टवाल्याची गाळण उडाली. पहिल्या दिवशी त्याने न मागता मला पाणी आणून दिलं, दुसऱ्या दिवशी थर्मामीटर. संध्याकाळी माझ्यासमोर उकिडवा बसला आणि एवढासा होऊन म्हणाला, "आई, परत नको ना."

"अरे गाढवा, रागावलेय मी! रागावलेल्या माणसाने गप्प बसायचीही सोय उरली नाही का या घरात?"

त्याचा जीव भांड्यात पडला. आतल्या खोलीत काहीतरी खाली पडल्याचा आवाज झाला. तिचाही पडला असावा.

मी हाक मारली. "ये बाहेर. आता जो निबंध लिहिलायस तो वाच."

तिने वाचला. मला अर्धा कळला, अर्धा डोक्यावरून गेला. पण शिवण कशी आहे ते बघायला कापडाचं नाव माहीत असावं लागत नाही. सगळं सरळ, सगळं इस्त्रीचं, आणि अंगावर घातलं तर कुणालाही येईल असं.

"रेडिमेड आहे," मी म्हटलं.

"मला माहीत आहे." तिचे डोळे भरून आले. "ते काढलं आणि आत काही उरलंच नाही. ठेवावं तर जास्त होतं, काढावं तर मेलेलं दिसतं. आणि आता तुमच्या परवानगीशिवाय तर एक अक्षरही नाही."

मी खुंटीवरचा नर्सबाईंचा कोट काढला. तोच, अकरा वर्षांपूर्वीचा. कंबरेत घट्ट होतो म्हणून सैल करायला आला होता. उलटा केला आणि तिला बाजूची शिवण दाखवली. "हे काय?"

"माया."

शिवणीच्या आत जे जादा कापड दुमडून ठेवतात त्याला आम्ही माया म्हणतो. स्वस्तातले शिवणारे अर्धं बोट ठेवतात. मास्तर दोन बोटं ठेवायचे.

"बाहेरून दिसते का?"

"नाही."

"कापून टाकली का मास्तरांनी?"

"नाही."

"बाहेर लोंबत ठेवली का?"

ती हसली. रडता रडताच.

"आत दुमडून ठेवली. म्हणून अकरा वर्षांनी माणूस वाढलं तरी कोट वाढवता येतोय. तू आधी सगळं कापड बाहेर लोंबवलंस, मग त्या बाई म्हणाल्या तर मुळापासून कापलंस. अगं, दोन बोटं ठेव. वरून एक टीप मार. एकच वाक्य, माझं नाव नको, नातं नको. ज्याला हवं असेल तो विचारेल. तेव्हा उसव."

"आणि विचारलं तर? सांगू?"

"ते माझं मी बघेन," मी म्हटलं, कारण एका दिवसात किती झुकायचं याला काही मर्यादा असते.

तिने लिहिलं, "मला जवळून माहीत असलेली एक व्यक्ती दुःखानंतर सात महिने बोलली नाही, ती पुन्हा का बोलली, हा माझा प्रश्न आहे." बाकी सगळं तिचं हॉस्पिटलचं काम आणि त्या त्या प्रोफेसरांचं माप. गाइडबाईंनी वाचून एवढंच म्हटलं, "हे कुणी सुचवलं?" तिने सांगितलं, "आमच्या दुकानातल्या मोठ्या मास्तरांनी." मला आवडलं. पण तिला तसं सांगितलं नाही.

सहातले तीन नकार आधीच आले. एक ठिकाण रांगेत ठेवतो म्हणालं. एकाचं उत्तरच नाही. आणि एका ठिकाणाहून मुलाखतीचं बोलावणं आलं. कॉम्प्युटरवरची मुलाखत. तीनजण तिकडून बघणार, ही इकडून बोलणार. घराशेजारी भिंत फोडायचं काम चाललेलं, म्हणून दुकानाच्या ट्रायल रूममध्ये बसायचं ठरलं. तिथे तीन बाजूंना आरसे. मुलाने कॉम्प्युटर लावून बघितला तर पडद्यावर चार सुना. मी म्हटलं, "एक पुरे आहे," आणि आरशांवर अस्तराचं कापड टाचलं. पडदा ओढला, दुकानाला कडी लावायला मुलाला सांगितलं आणि कटिंग टेबलापाशी हात बांधून बसले. मशीन बंद. कात्रीसुद्धा हातात नाही.

मुलाने कडी लावली म्हणे. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाने लावलेली कडी, ती नर्सबाईंनी ढकलताच उघडली. कोटाच्या ट्रायलला आल्या होत्या. त्यांनी तोंड उघडायच्या आत मी गडबडीने घशाला हात लावला आणि मान हलवली. अकरा वर्षांत त्या खोट्याचा पहिल्यांदा उपयोग झाला. नर्सबाई चटकन गप्प झाल्या, पर्समधून डबी काढली, माझ्या हातावर गोळी ठेवली आणि शेजारच्या स्टुलावर बसल्या. मी गोळी तोंडात टाकली. आम्ही दोघी बसून ऐकायला लागलो.

आतून सून बोलत होती. पुस्तकी भाषा, पण आवाज सुरळीत. हॉस्पिटलात किती जणांशी बोलली, काय हाती लागलं, काय नाही. मग तिकडच्या एका बाईंचा आवाज आला. "तुमच्या निबंधातलं एक वाक्य आमच्या लक्षात राहिलं. ती व्यक्ती पुन्हा का बोलली, असं तुम्हाला वाटतं?"

मग सून म्हणाली, "मी काय केलं ते मला माहीत आहे. पण ती गोष्ट माझ्या एकटीची नाही. त्यांनी मला एकाच वाक्याची परवानगी दिली आहे. बाकीचं त्यांना विचारल्याशिवाय मी सांगू शकत नाही."

"बरं," त्या बाई म्हणाल्या. पान उलटल्याचा आवाज आला. प्रश्न संपला होता. पुढचा येणार होता.

मी बघेन म्हटलं होतं ना मी? मला वाटलं होतं, बघायला वेळ असेल. इथे तर कापड हातातून निसटून चाललं होतं, आणि ती मूर्ख मुलगी माझी लाज सांभाळत स्वतःची जागा सोडून देत होती. पुन्हा एकदा. ब्र न काढता.

"सांग की!" मी ओरडले. तोंडात गोळी होती तरी रस्त्यापलीकडे गेला असेल आवाज. "काजपट्टीवरची बटणं सांग! माझी परवानगी आहे, सही हवी तर सही देते!"

आणि लगेच तोंडावर हात दाबला. मग कॉम्प्युटरमधून एक माणूस हसला, मग दुसरा. त्या बाईंचा आवाज आला, "परवानगी मिळालेली दिसते."

नर्सबाई माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "घसा मोकळा झाला वाटतं."

सुनेने सगळं सांगितलं. बटणं, पट्टी, सात महिने. म्हणाली, "सगळे त्यांना बोला, रडा म्हणत होते. मी काहीच म्हटलं नाही. हातांना उसवायला काम दिलं आणि रागाला एक जागा दिली." आणि मग म्हणाली, "पण त्या माझ्यामुळेच बोलल्या असं मी म्हणणार नाही. कदाचित सात महिन्यांनी त्या बोलल्याच असत्या. एका माणसावरून ते कळत नाही. म्हणून तर मला शिकायचंय."

हे ऐकून मला थोडा राग आला. एवढी सात महिन्यांची मेहनत, आणि श्रेय घ्यायच्या वेळी हिचं 'कदाचित'! पण पडद्यापलीकडे तिकडचे तिघंही एकदम बोलायला लागले होते. प्रश्नावर प्रश्न. माप लागायला लागलं की गिऱ्हाईक असंच बोलतं.

मग सुरू झालं वाट बघणं. पाच आठवडे. मी वरून ताठ होते, पण आतून पार उसवले होते. मुलाखत चालू असताना पडद्यामागून ओरडणारी सासू कुठल्या विभागाला हवी असेल? यांची सून घ्यावी तर ही म्हातारी आंदण येईल, असं म्हणाले असतील. सुनेला एकदा विचारलंही, आडून. "त्या दिवशी माझा आवाज फार मोठा आला का गं?"

"नेहमीएवढाच, आई."

यातून काय समजायचं?

सहाव्या आठवड्यात एका सकाळी नर्सबाई स्टुलावर उभ्या होत्या, कोट घालून. बाजूची माया मी सोडली होती, आता खालची पट्टी मापून घेत होते. मी गुडघ्यावर, तोंडात सहा टाचण्या. दार धाडकन उघडलं. सून, हातात फोन, हॉस्पिटलचा बिल्ला उलटा लटकलेला.

"आई," ती म्हणाली. "झालं."

मी मान वर केली.

"घेतलं मला. तिथल्या पाच जागांतली एक. मुलाखतीतल्या त्या बाईंनी स्वतः फोन केला. म्हणाल्या, तुम्हाला माहीत नाही ते तुम्ही माहीत नाही म्हणालात, म्हणून घेतोय. आणि पडद्यामागच्या बाई कशा आहेत, म्हणून विचारलं."

माझ्या तोंडात सहा टाचण्या, जीभ जागच्या जागी, आणि छातीत काहीतरी सैल होत चाललेलं. शिवण घट्ट असते, आपल्याला सवय झालेली असते, आणि कुणी उसवल्यावर कळतं की इतके दिवस आपण अर्धाच श्वास घेत होतो. तसं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मास्तर गेले तेव्हा आलं नव्हतं, ते सगळं आत्ता निघालं, भर सकाळी, गिऱ्हाइकासमोर, गुडघ्यावर बसलेली असताना.

"आई?" सून एकदम घाबरली. "आई, बोला ना. काय झालं?"

मी हात वर केला, थांब म्हणून. एक एक टाचणी काढली आणि पिनकुशनमध्ये खोचली. सहा. मग नर्सबाईंकडे बघून आधी त्यांनाच सांगितलं, कारण ते आधी सांगायला हवं होतं. "नर्सबाई, माझा घसा कधी बिघडला नव्हता."

"माहीत आहे हो," त्या स्टुलावरून म्हणाल्या.

"काय माहीत आहे?"

"तीस वर्षं वॉर्डात काढली मी. घसा दुखणारा माणूस पाणी पिताना मान वाकडी करतो. तुम्ही तांब्याभर गटागटा प्यायचात."

"मग त्या गोळ्या? अकरा वर्षं?"

"रोज रोज कोट सैल करायला कसं येणार? यायला काही निमित्त नको?" आणि मग जरा थांबून, "आणि गोळ्या आवडतात तुम्हाला. मी बघितलंय."

आवडतात. संत्र्याच्या असतात.

मी सुनेला दुसरं स्टूल दिलं, म्हटलं, "बस, आणि हाताला काही काम घे. नर्सबाईंचं खालचं बटण निघालंय, तेवढं लाव." नर्सबाई खाली उतरल्या, कोट काढून तिच्या मांडीवर दिला. ती डोळे पुसत, हसत, फोनकडे बघत बटण लावत बसली. लिफ्टवाल्याला फोन झाला. तो म्हणे एका इमारतीच्या चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये अडकला होता, तिथूनच ओरडला. बापावर गेला नाहीये तो, आईवर गेलाय.

गाठ मारून तिने दोरा दातांनी तोडला आणि कोट माझ्यापुढे केला.

बटण काजपट्टीवर.

मी तिच्याकडे बघितलं. तिने कोटाकडे बघितलं आणि तिचा चेहरा लालेलाल झाला. "आई, शप्पथ, आत्ता मुद्दाम नव्हतं!"

मी कोट ओढून घेतला. सुई घेतली, उसवायला लागले. नर्सबाई गालात हसत होत्या.

"आई, अहो बोला ना काहीतरी!"

मग काय, बोलले. चांगला अर्धा तास बोलले.